लाइफटाइम म्हणजे नक्की कुणाचं?

'लाइफटाइम' या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. बाबांकडे एक लाइफटाइम प्रीपेडचं सिम होतं, २००६ सालचं. एकदाच पैसे भरा आणि जन्मभर इनकमिंगची चिंता सोडा! मग २०१८ संपता संपता 'दर महिन्याला किमान रिचार्ज करा' असे मेसेज यायला लागले आणि आमच्या घरात सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. लाइफटाइम होतं ते स्कीमचं, आपलं नव्हे.

त्यामुळे न्यू जर्सीतल्या एका गॅरेजच्या काउंटरवर "ट्रान्समिशन फ्लुइड लाइफटाइम असतं, विसरून जा" असं ऐकलं तेव्हा मी लगेच सावध झाले. गंमत म्हणजे, मी थोडा आग्रह धरल्यावर त्याच माणसाने दोन मिनिटांत पलटी मारली. "हवंच असेल तर मशिनने फ्लश करून देतो. २८० डॉलर. सीव्हीटी आहे ना, सीव्हीटी फ्लुइड टाकू."

मी थँक यू म्हटलं आणि गाडीची चावी उचलली. कारण तेवढ्यात तो दोन गोष्टी चुकीच्या बोलून गेला होता आणि त्या चुकीच्या आहेत हे मला माहीत होतं.

थांबा, आधी गाडीची ओळख करून देते. २०१२ ची टोयोटा प्रियस. थर्ड जनरेशन, सेकंडहँड, रंग चांदीसारखा, मागच्या बंपरला आधीच्या मालकाची आठवण म्हणून एक पोचा. घेतली तेव्हाच बरीच पळालेली होती. आता मीटरवर १,१८,००० मैल, म्हणजे आपले जवळपास १ लाख ९० हजार किलोमीटर.

आणि मी? पुण्यात मास कॉम केलं, तीन वर्षं नोकरी केली, मग फ्रीलान्सिंग. नवऱ्याला कंपनीने एल-वन व्हिसावर इकडे पाठवलं आणि मागोमाग मी एल-टूवर. २०२१ च्या नोव्हेंबरपासून आमच्यासारख्या बायकांना (आणि नवऱ्यांनाही!) वेगळ्या परवानगीपत्राची वाट न बघता काम करता येतं. तरी कागदोपत्री आमचा शब्द एकच, 'डिपेंडंट'. स्वतःच्या बायलाइनवर जगणाऱ्या मुलीला तो शब्द फॉर्ममध्ये लिहिताना दर वेळी घशात खडा अडकल्यासारखं होतं.

बाकी टेन्शन म्हणाल तर एकच. नवऱ्याचं प्रोजेक्ट दर वर्षी 'रिन्यू होईल बहुतेक' या वाक्यावर टिकून आहे. त्यामुळे नवी गाडी हा विषय घरात निघत नाही. आणि एडिसनमध्ये गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. दूध, लायब्ररी, मुलाखतीला जाणं, सगळं गाडीवर. तेव्हा ही प्रियस जगली पाहिजे, आणखी निदान पाचेक वर्षं. तेही २८० डॉलरचे हप्ते न भरता!

आता त्या दोन चुका.

पहिली, नावाची. प्रियसच्या गिअरबॉक्सला सगळे 'ई-सीव्हीटी' म्हणतात. नाव ऐकून वाटतं, स्कूटरसारखा पट्टा असेल आत. पण पट्टा नाहीच. क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टरही नाही. आत आहे चक्क एक छोटी सूर्यमाला. मधे एक गिअर, त्याला म्हणतात सन गिअर, म्हणजे सूर्य. त्याच्याभोवती फिरणारे ग्रह. आणि सगळ्यांना वेढणारं बाहेरचं कडं. इंजिन ग्रहांच्या चौकटीला जोडलेलं, एक मोटर-जनरेटर सूर्याला, आणि कड्याकडून ताकद चाकांना. दुसरी मोठी मोटर चाकांच्या बाजूने हातभार लावते. इंजिनने किती द्यायचं आणि मोटरने किती, हे कॉम्प्युटर सतत ठरवतो. गिअर बदलल्याचा धक्का बसत नाही, कारण बदलायला गिअरच नाहीत. काय सॉलिड डोकं लावलंय!

पट्ट्याच्या सीव्हीटीचं फ्लुइड पट्टा घसरू नये या हिशेबाने बनवतात. इथे पट्टाच नाही, तर ते फ्लुइड हवंय कशाला? या गाडीला लागतं टोयोटाचं एटीएफ डब्ल्यूएस, आणि ते तीन कामं करतं. गिअरना वंगण देतं. मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांची उष्णता शोषून घेतं. आणि त्या वेटोळ्यांना लागूनच फिरत असल्यामुळे त्याने वीजही वाहून नेता कामा नये. या मोटरना ६५० व्होल्टपर्यंत दाब मिळतो. तिथे 'कुठलंही चालतं' असं म्हणून चालणार नाही.

दुसरी चूक लाइफटाइमची. टोयोटाच्या वेळापत्रकात, नेहमीच्या वापरासाठी, हे फ्लुइड बदलायची तारीख दिलेली नाही. फक्त तपासा, एवढंच. पण तारीख दिली नाही म्हणजे तेल म्हातारं होत नाही असं थोडंच आहे? गिअर एकमेकांवर घासतात, बारीक धातू तेलात उतरतो, उष्णतेने तेल काळवंडतं. ज्याला गाडी पाच-सहा वर्षांत विकायची आहे त्याला याच्याशी घेणंदेणं नाही. मी त्यातली नव्हते. आणि मशिनच्या फ्लशची तर गरजच नव्हती. साध्या ऑटोमॅटिकमध्ये बरंच जुनं तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. इथे ती भानगड नाही. खालचा बोल्ट काढला की जवळपास सगळं बाहेर येतं.

मी घरी येऊन जाहीर केलं, "मी करणार."

नवरा म्हणाला, "हायब्रिड आहे गं. शॉक बसेल." फोनवरून आई म्हणाली, "माणूस बोलवा की!" आपल्याकडे प्रत्येक कामाला एक माणूस असतो ना. गिझरचा माणूस, फॅनचा माणूस, गाडीचा माणूस. आपण फक्त नंबर सेव्ह करतो, 'राजू प्लंबर' म्हणून. आणि मी राहते कुठे, तर न्यू जर्सीत! अख्ख्या अमेरिकेत हे एकच राज्य उरलंय जिथे स्वतःच्या गाडीत स्वतः पेट्रोल भरायला बंदी आहे. १९४९ चा कायदा आहे तसा. पंपावर खिडकी खाली करायची आणि माणसाची वाट बघायची. म्हणजे साता समुद्रापार येऊनही माणूस काही सुटला नाही.

फक्त बाबा म्हणाले, "कर. पण आधी वाच." दर रविवारी चेतकचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासणारा माणूस तो. त्यांच्याकडून दुसरं काय येणार?

वाचलं. तीन रात्री वाचलं. मग यादी. डब्ल्यूएसच्या चार बाटल्या (एक बाटली एका क्वार्टची, म्हणजे लिटरला थोडी कमी), दोन्ही बोल्टचे नवे वॉशर, नरसाळं, मीटरभर पारदर्शक नळी, जुनं तेल झेलायला पसरट डबा. रॅचेट, षटकोनी बिट आणि टॉर्क पाना मैत्रिणीच्या नवऱ्याचा. सामान साठ डॉलरच्या आत बसलं. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडीला हात लावायची परवानगी नाही, म्हणून शनिवारी सकाळी गाडी मैत्रिणीच्या गराजमध्ये नेली. तिथली फरशी सपाट. हे महत्त्वाचं, कारण या गिअरबॉक्सला तेल मोजायची डिपस्टिक नाही. गाडी पाण्याच्या पातळीसारखी सरळ उभी असली तरच माप बरोबर येतं. म्हणून पुढचीच चाकं उचलून भागत नाही. चारही बाजूंनी सारख्या उंचीचे स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. कधीच नाही.

हायब्रिडची खरी भीती शॉकपेक्षा शांततेची आहे. साधी गाडी चालू असेल तर आवाजाने कळतं. ही गाडी 'रेडी'चा दिवा लावून मुकाट उभी राहते आणि तिच्या मनात आलं की इंजिन आपोआप सुरू होतं. म्हणून गाडी बंद, दिवा विझलाय हे डोळ्यांनी बघितलं, चावी घरात, फ्रिजवर. डिकीत उजवीकडे लपलेली बारा व्होल्टची बॅटरीही सोडवली. आणि केशरी वेष्टनाच्या जाड वायरी दिसतात त्यांच्या वाटेला जायचं नाही. केशरी म्हणजे हाय व्होल्टेज. तेलाच्या बोल्टसाठी त्यांना हात लावावा लागतच नाही.

खालचं प्लास्टिकचं आवरण काढलं आणि दोन बोल्ट दिसले. एक खाली, तेल सोडायचा. एक वर, भरायचा. नियम असा की आधी भरायचा बोल्ट उघडायचा. का? कारण खालचा उघडून सगळं तेल सांडलं आणि मग वरचा उघडलाच नाही तर? रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी गराजमध्ये अडकून पडणार आणि मग खरोखर माणूस बोलवावा लागणार.

आणि वरचा बोल्ट उघडेना! मी जोर लावला. नवऱ्याने लावला. बारा वर्षं कुणी हात न लावलेला बोल्ट, तो का ऐकेल? नवरा म्हणाला, "सोड ना. आहे तशी चालतेय की."

त्या क्षणी मला जाम राग आला. त्याचा नाही, त्या वाक्याचा. गेली दोन वर्षं मी तेच ऐकत होते. माझं काम, माझं करिअर, 'आहे तसं चालतंय की.' मी गाडीखाली पाठीवर पडलेली, नाकावर धूळ आणि मनात विचार, की या देशात सगळं माझ्या आधी दुसऱ्याच्या नावावर होतं. लीज, इन्शुरन्स, व्हिसा. एक बोल्ट तरी माझ्या नावावर असू दे!

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात रात्रीचे साडेनऊ. त्यांनी चष्मा पुसला, बोल्ट बघितला आणि म्हणाले, "दांड्याला पाइप घाल." बस, एवढंच. लांब दांडा म्हणजे जास्त जोर, शाळेतली तरफ. गराजच्या कोपऱ्यात लोखंडी पाइपचा तुकडा मिळाला. रॅचेटच्या दांड्यावर सरकवला, बिट बोल्टमध्ये पक्कं बसलंय हे तपासलं आणि सावकाश दाब दिला. टक्! एवढासा आवाज. पण लॉटरी लागल्यासारखी मी ओरडले. फोनमधून आई विचारत होती, "काय फुटलं?"

पुढचं सगळं सोपं. खालचा बोल्ट काढला. नवं डब्ल्यूएस लालसर असतं. आमच्या गाडीतून पडलं ते काळपट, जुन्या काढ्यासारखं. धार थांबून थेंब पडायला लागेपर्यंत वाट बघितली. मोजलं तर सव्वातीन लिटरच्या आसपास. नवा वॉशर घालून खालचा बोल्ट लावला, टॉर्क पान्याने ३९ न्यूटन-मीटर. पाइप घालून उघडायचं, पण आवळताना पाइपला हात लावायचा नाही. ॲल्युमिनियमचे आटे गेले की खेळ खल्लास. मग बॉनेटमधून नळी खाली सोडली, वर नरसाळं, नवरा ओततोय आणि मी खालून बघतेय. तेल भोकाच्या काठाशी आलं, एक बारीक धार बाहेर आली, थांबली. झालं! वरचा बोल्ट नव्या वॉशरसकट बंद.

जुनं तेल त्याच बाटल्यांत भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात दिलं. इथली बरीच दुकानं ते फुकट घेतात. गटारात ओतणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय पापही.

आता तुम्ही विचाराल, गाडीत फरक काय पडला? खरं सांगू? काहीच नाही. ती आधी जशी चालायची तशीच चालते. मेंटेनन्सचं हेच दुःख आहे. नीट केलं तर काहीच घडत नाही आणि काहीच न घडल्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही.

पुण्या-मुंबईत टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड विटारा घेतलेल्या मित्रमंडळींसाठी दोन शब्द. २०२२ साली आलेल्या या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये तत्त्व प्रियसचंच आहे. पण याच गाड्यांची माइल्ड हायब्रिड मॉडेल्स साध्या गिअरबॉक्सची असतात. तेव्हा आपली कुठली ते आधी बघा. फ्लुइड तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं तेच, माझ्या लेखातलं नाही. आणि वॉरंटी चालू असेल तर पाना खाली ठेवा, काम सर्व्हिस सेंटरलाच करू द्या. पण काम काय केलं, कुठलं फ्लुइड घातलं, हे मात्र विचारा. बिलावरची ओळ वाचा. त्याला पाना लागत नाही.

आमच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आधीच्या मालकाची एक वही होती. कधी काय बदललं त्याची. तारीख, मैल, काम आणि शेवटच्या रकान्यात 'कुणी केलं'. त्या रकान्यात खालपर्यंत गॅरेजचेच शिक्के. परवा मी पेन काढलं, तारीख घातली, १,१८,००० लिहिलं, 'ट्रान्सॲक्सल फ्लुइड' लिहिलं. आणि शेवटच्या रकान्यात, सावकाश, माझं पूर्ण नाव. माहेरचं आडनाव धरून.