टाकी फुल्ल केली की गाडी बंद

दुखणं कुठं आहे हे मी गॅरेजवाल्याला नीट सांगत होतो आणि त्यानं ते कानाआड केलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गाडी जुनी स्प्लेंडर, 97.2 सीसीची, कार्बोरेटरवाली. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 लागू झालं आणि नव्या गाड्या इंजेक्शनवर गेल्या. पण आमच्या प्रकाशा गावात शेतावर जायला आणि तापीचा पूल ओलांडून नंदुरबार गाठायला अजून अशाच गाड्या लागतात.

सकाळी पहिल्या किकला सुरू व्हायची. काही किलोमीटर गेलं की मिसिंग, मग धक्के, रेस वाढवली तर आणखीच गुदमरायची आणि शेवटी बंद. थोडा वेळ स्टँडवर उभी केली की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. त्यात एक गोष्ट मी बारकाईनं हेरली होती. टाकी फुल्ल केली की ती लवकर बंद पडायची आणि पेट्रोल तळाला गेलेलं असलं की लांबपर्यंत चालायची. जास्त पेट्रोलवर गाडी कमी चालते, हे उलटं होतं. म्हणूनच कुणीतरी त्यावर थांबून विचार करायला हवा होता.

"काका, म्हणजे पंपावरचं पेट्रोलच खराब. इथेनॉल किती टाकतात आता!" गॅरेजवाल्याचं उत्तर तयार होतं.

आमचा सगळा ऊसपट्टा, त्यामुळे इथेनॉलवर इथं प्रत्येकाला मत आहे. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाड्यांना त्रास देऊ शकतं, हे मी नाकारत नाही. इथेनॉल पाणी ओढतं, जुने रबर फुगवतं, गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर जेट धरतात. पण ते तपासायची रीत आहे. कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करायचा, पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यायचं आणि पाहायचं. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. एवढंही त्यानं केलं नाही. प्लग बदलला, कॉकची जाळी धुतली, जेट फुंकले. तरी गाडी बंद पडायची ती पडतच होती. मग निकाल लागला: "कार्बोरेटर गेलाय."

दुसरा बसवला, बिनकंपनीचा. जुना मागितला तर म्हणाला, "त्याचं काय करता आता?"

नव्या कार्बोरेटरवर टाकी फुल्ल करून निघालो आणि पुलाच्या अलीकडेच गाडी बंद पडली. श्रावणी सोमवार होता, केदारेश्वराला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली, मागून हॉर्न. गाडी ढकलत कडेला आणली. तिथं ओळखीचा एक शेतकरी पाठीवर पेट्रोलचा फवारणी पंप घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. फुल्ल टाकीचं सांगितलं तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "आप्पा, टाकीनं झाकन उघाडी दखा बरं."

किल्ली फिरवली. झाकण सैल होताच फुस्स आवाज आला. हवा आत गेली. किक मारली, गाडी सुरू.

त्याच्या पंपाच्या झाकणातही हवा आत यायला बारीक भोक असतं आणि धुळीनं ते बुजतं, म्हणून त्याला हे ठाऊक. या गाडीला पेट्रोलचा पंप नाही. टाकीतून कार्बोरेटरात पेट्रोल नुसतं उतारानं येतं. जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी, आणि तिची वाट म्हणजे झाकणातलं बारीक छिद्र. ते बुजलं की आतली हवा विरळ होते, पेट्रोल अडतं, वाटी रिकामी होते, इंजिन मरतं. फुल्ल टाकीत वर हवेला जागाच थोडी, म्हणून आतला दाब झटकन पडतो. रिकाम्या टाकीत हवा भरपूर, म्हणून उशिरा. म्हणजे मी पहिल्यापासून जे सांगत होतो त्यातच उत्तर होतं!

झाकण काढून पेट्रोलनं धुतलं, बारीक तारेनं छिद्र मोकळं केलं, फुंकलं. काही जण सरळ नवं भोक पाडतात; तसं करू नये, पावसाचं पाणी थेट टाकीत जातं.

गॅरेजवर भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. दारात गाड्यांची रांग, तो एका इंजिनाखाली वाकलेला, हात कोपरापर्यंत काळे. पार्ट बदलला तर गिऱ्हाईक पैसे देतं. झाकण उघडून दाखवलं असतं तर त्यानं कशाचे मागायचे? विचार करायचे पैसे आपल्याकडे कोण देतं? माझा आवाज खाली आला. तो म्हणाला, जुना माल भंगारात दिला. आवाज पुन्हा चढला. धडधाकट वस्तू काढून घ्यायची आणि मालकाला विचारायचंही नाही, याला काबाडकष्टाचं कारण पुरत नाही.

बिनकंपनीच्या कार्बोरेटरवर आयडलिंग कधी बसलंच नाही, ॲव्हरेजही पडलं. शेवटी भंगारवाल्याकडे गेलो. तिथं कार्बोरेटरचा ढीगच होता. त्यातला एक कंपनीचा निवडून पैसे मोजले, घरी आणून उघडला, धुतला, बसवला. गाडी आता ठीक चालते. तो माझाच होता की माझ्यासारख्या आणखी कुणाचा, हे सांगायला भंगारवाल्याकडे काही खूण नव्हती.