मोकळी जागा

लालबाग-परळच्या काही चाळींत आता संध्याकाळ लवकर होते. पश्चिमेला टॉवर उभे राहत गेले तसा गॅलरीतला उन्हाचा पट्टा आखडत गेला. कुरडया कुठे वाळत घालायच्या, साड्या किती वाजता काढायच्या, याचे हिशेब बायकांनी गुपचूप बदलून घेतले. सावलीची तक्रार करायची तरी कुणाकडे?

आमची खोली दहा बाय बाराची. आत माणूस मावायचा नाही, पण घर उंबऱ्याशी संपतही नसे. गॅलरी, जिना, चौक, गिरणीच्या भिंतीकडेची फरसबंदी, सगळं घरच. गाववाल्यांच्या मंडळाच्या खोलीत तर एकाच वळकटीवर दोन माणसं झोपायची: रातपाळीचा दिवसा, दिवसपाळीचा रात्री. भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरून वाहायचा.

यात गोडवा शोधणाऱ्यांनी पहाटे संडासच्या रांगेत डबा घेऊन उभं राहून बघावं. गिरणीच्या साळखात्यातून आलेल्या आमच्या अण्णांच्या केसांत कापसाचे तंतू असत आणि छातीत खोकला. माझी बहीण आता रिहॅब बिल्डिंगमध्ये, म्हणजे पुनर्विकासात जुन्या रहिवाशांसाठी बांधलेल्या इमारतीत राहते. दाराला कडी असलेलं स्वतःचं न्हाणीघर ही तिच्या आयुष्यातली मोठी चैन आहे. मला ती अगदी पटते. तिच्या इमारतीला लागूनच विकायच्या फ्लॅटांची सेल बिल्डिंग आहे. गेट वेगळं, लिफ्ट वेगळी, पाहुण्यांची गाडी लावायची जागाही वेगळी.

अशाच एका सेल बिल्डिंगचा सॅम्पल फ्लॅट पाहायला भाच्याबरोबर गेलो होतो. त्याला घ्यायचा नव्हता, नुसती हौस. तिथे दर कोटींत सांगतात आणि बोलतात मात्र कुजबुजत. संगमरवर, नळ, स्वयंपाकघर हे सगळं झपाट्यानं दाखवून झालं. बाल्कनीत मात्र आम्हाला निवांत उभं केलं. विकायचं होतं ते तिथेच होतं: वारा, समुद्राची कड, खाली पोडियमवरची हिरवळ आणि शांतता. त्या उंचीवर भाजीवाल्याची हाक पोचत नाही. आमची चाळ दिसली. दिसली म्हणजे छपरावरची निळी ताडपत्री दिसली.

ती हिरवळ माझ्या मनातून जात नाही. कारण मोकळी जागा खरं तर खाली, सगळ्यांसाठी मिळायची होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करत होता: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या इमारती पाडून जी जमीन मोकळी होईल, ती वाटणीतून सुटली. आता गिरणी म्हणजे बहुतेक शेडच. रिकामं असणार ते किती? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६मध्ये हा बदल कायम झाला. मग सार्वजनिक वाट्याला तुकडे आले, आणि बागा पार्किंगच्या मजल्यांवर, वॉचमनच्या पलीकडे जाऊन बसल्या.

श्रीनिवास मिलच्या जागी आज वर्ल्ड टॉवर्स आहेत. फिनिक्स मिलच्या जागेवरच्या मॉलमध्ये गिरणीची चिमणी राखली आहे. लोक तिच्याखाली फोटो काढतात. टॉवरमध्ये राहणाऱ्यांवर माझा राग नाही. ऐपत असेल तर वारा कुणाला नको? पण त्या वाऱ्याची किंमत ठरली ती नियमातल्या एका बदलामुळे, आणि तो बदल चाळीतल्या कुणाला विचारून झाला नव्हता.

१८ जानेवारी १९८२ला संपावर गेलेल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांपैकी कितीतरी जण गिरण्यांच्या जमिनीवरच्या घराची वाट पाहत गेले. २०२३मध्ये वरळीच्या बॉम्बे डाईंगच्या सुमारे २२ एकरांचा सौदा ५,२०० कोटी रुपयांना ठरला. त्यानंतर कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरं देऊ केली गेली ती शेलू आणि वांगणीला, बदलापूरच्याही पलीकडे.