जबूरची चाल

तौरात, जबूर, इंजील आणि कुरआन. चार आसमानी किताबांची ही नावे आपण सगळ्यांनी मदरशात बोटांवर मोजत पाठ केलेली असतात. जबूर हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यावर उतरली, आणि ते अल्लाहची तस्बीह करू लागले की डोंगर आणि पाखरेही त्यात सामील होत, हेही आपल्याला ठाऊक असते. पण ती गायची कशी, हे आमच्यापैकी कुणी विचारले नाही.

ज्यू आणि ख्रिस्ती ज्यांना दाऊदची स्तोत्रे म्हणतात ती १५० आहेत. आजची ही स्तोत्रे आणि मूळ जबूर यांचे नाते काय, हा वाद मी इथे उघडत नाही. मला ओढ आहे ती सोळाव्या शतकातल्या इंग्रजांनी या स्तोत्रांचे काय केले त्याची. गेली काही वर्षे रात्री कामे आटोपली की मी ही गाणी ऐकत असतो.

त्याआधी ही स्तोत्रे चर्चमध्ये लॅटिनमध्ये चालत. पाद्री आणि गायकवृंद म्हणत, लोक ऐकत. मग थॉमस स्टर्नहोल्ड नावाच्या एका दरबाऱ्याने (राजाच्या पोशाखांची व्यवस्था पाहणे हे त्याचे काम) काही स्तोत्रे साध्या इंग्रजी पद्यात बांधली. तो १५४९ मध्ये वारला. जॉन हॉपकिन्स आणि इतरांनी काम पुढे नेले, आणि १५६२ मध्ये जॉन डे या मुद्रकाने सगळी १५० छापली. छंद बहुतेक ठिकाणी एकच: आठ अक्षरे, सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. रस्त्यावरच्या कथागीतांचा छंद! त्यामुळे एक चाल आली की कितीतरी स्तोत्रे गाता येत. अभंगाची चाल ज्याला येते त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. विद्वानांनी या कवितेला नाके मुरडली, आणि खरे सांगायचे तर बऱ्याच ओळी ओढूनताणून जुळवलेल्या आहेतच. पण १५६० मध्येच जॉन ज्यूएल या धर्मगुरूने एका पत्रात लिहिले होते की लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या आवारात प्रवचनानंतर कधी कधी सहा हजार माणसे, म्हातारी, पोरे, बायका, एकत्र गातात.

अडाण्यांचे काय? त्यावरही तोड निघाली. क्लार्क एक ओळ मोठ्याने म्हणे, मग सगळे ती गात. मोठ्या जमाअतीत मुकब्बिर मागच्या सफांपर्यंत तकबीर पोहोचवतो, तशीच ही सोय.

यापुढची गोष्ट चार आवाजांची. १५९२ मध्ये थॉमस ईस्टने दहा संगीतकारांकडून या चालींची चार आवाजांत मांडणी करून घेतली. त्यांत जॉन डाउलँड होता, जॉन फार्मर होता. गंमत अशी की मूळ चाल सर्वांत वरच्या आवाजात नसते. ती टेनरमध्ये, म्हणजे मधल्या पुरुषी आवाजात असते, आणि बाकीचे तिच्याभोवती फिरतात. पहिल्यांदा ऐकताना कान वरच्या आवाजामागे जातो आणि चाल हरवते. शंभराव्या स्तोत्राची चाल मुळात जिनिव्हाहून आलेली. तिची डाउलँडने केलेली मांडणी मला सर्वांत आवडते. १९५३ च्या राज्याभिषेकासाठी वॉन विल्यम्सने त्याच चालीला तुताऱ्यांची जोड दिली. तेही भव्य आहे, पण त्यात मला दुआपेक्षा दरबार जास्त ऐकू येतो.

जिनिव्हाच्या कॅल्व्हिनला हे चार आवाज प्रार्थनेत नकोच होते. चर्चमध्ये सर्वांनी एका स्वरात, वाद्याशिवाय गावे असा त्याचा आग्रह. गुदिमेलसारख्या संगीतकाराने १५६५ मध्ये चार आवाजांत मांडणी केली, तीही घरात गाण्यासाठी म्हणून. डफ चालेल, हार्मोनियम चालणार नाही, हे आपल्याकडचे वाद ज्यांनी ऐकलेत त्यांना हे फार परके वाटू नये. पूर्वी मला कॅल्व्हिन निव्वळ रुक्ष वाटायचा. आता वाटते, त्याच्या भीतीत तथ्य होते. गाणारे तयारीचे झाले की बाकीचे गप्प बसतात.

माझी अम्मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. कुरआन ती अरबीत वाचायची, एक अक्षर चुकू न देता. अर्थ विचारला की म्हणायची, "हाफिजसाहेबांना विचार, बेटा." मात्र पहाटे दळताना ती ओव्या म्हणायची, त्यात अल्लाहचे नाव असायचे, नबींचे असायचे, आणि तिच्या गेलेल्या भावाचेही. त्या ओव्यांचा अर्थ तिला कुणाला विचारावा लागत नव्हता. तिलावतीची जागा ओवीने घ्यावी असे मी म्हणत नाही, अम्मीलाही ते पटले नसते. पण तिच्या स्वतःच्या भाषेतल्या त्या दुआंना दीनी मानायला घरातले कुणीच तयार नव्हते, आणि त्या लिहून ठेवल्या गेल्या नाहीत.

ज्या जिनिव्हाच्या चाली इंग्लंडला पोहोचल्या, त्याच इस्तंबूललाही पोहोचल्या. अली उफ्की हा जन्माने पोलिश. तातारांनी त्याला पकडून नेले, पुढे तो मुसलमान झाला आणि सुलतानाच्या महालात संतूर वाजवू लागला. उस्मानी संगीताच्या त्याच्या संग्रहात पाश्चात्त्य स्वरलिपी उजवीकडून डावीकडे लिहिलेली आहे, खालचे शब्द अरबी लिपीत आहेत म्हणून. त्याने १६६५ च्या सुमारास दाऊदची स्तोत्रे तुर्कीत अशी बांधली की ती जिनिव्हाच्या चालींवर तंतोतंत बसावीत. पहिली १४ झाली आहेत.