निळा ठिपका चालला हानलेला

लडाखच्या आग्नेय टोकाला मोबाइलची रेंज जाते, पाट्या विरळ होतात आणि बॅगेतले लॅपटॉप-टॅबलेट वाटाडे बनतात. ते कुठवर साथ देतात? आणि कुठे गाडीची काच खाली करून विचारावंच लागतं?

लडाख करून आलेला एक तरी जण प्रत्येक ऑफिसात असतोच. त्याच्या स्क्रीनवर पँगाँगचं निळंशार पाणी असतं, लंच-टाइमला खार्दुंग लाचे किस्से असतात आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडी ‘यार, एकदा जायलाच हवं!’ हे ठरलेलं वाक्य. पण ज्यांचं पँगाँग-नुब्रा झालंय, अशी मंडळी दुसऱ्या खेपेला लेहहून वेगळीच वाट धरतात. सिंधूच्या काठाकाठाने वर, चांगथांगच्या पठारावर, हानलेला. अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. आपल्या हिशेबात ‘सकाळी निघू, जेवायला पोचू’. लडाखच्या हिशेबात अख्खा दिवस.

आम्ही चौघं सप्टेंबरात या वाटेला लागलो. जवळ एक लॅपटॉप, दोन टॅबलेट, चार फोन... म्हणजे हिंजवडीतली एखादी मीटिंग सहज उरकली असती. सोबत लेहचे ड्रायव्हर. तिथे थोरल्या भावाला ‘आचो’ म्हणतात आणि आदराने पुढे ‘ले’ लावतात. त्यामुळे पहिल्याच चहाला ते आमचे ‘आचो-ले’ झाले.

रेंज गेली, उपग्रह नाही गेले

आधी एक फंडा क्लिअर करू. ‘नेट नाही तर जीपीएस कसं चालणार?’ हा प्रश्न आमच्यातल्याच एका इंजिनीअरने विचारला होता! तर मंडळी, जीपीएसला नेट लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सतत सांगत असतात. आपलं यंत्र ते फक्त ऐकतं. कोणाचा आवाज किती उशिरा आला यावरून अंतर काढतं आणि चार उपग्रह ऐकू आले की जागा ठरवतं. तीन उपग्रह जागेसाठी, चौथा आपल्या यंत्राच्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक दुरुस्त करण्यासाठी. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्यांसाठी या सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड करायची. ती बंद झाली आणि तुमच्या-आमच्या गाडीत नॅव्हिगेशन आलं. आज उघड्या आकाशाखाली साधा फोनही पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतो.

नेट लागतं ते दोन गोष्टींसाठी. एक, जागा झटपट सापडावी म्हणून. शहरात टॉवर मदत करतो, म्हणून दोन सेकंदांत ठिपका उमटतो. पठारावर यंत्राला सगळं उपग्रहांकडूनच ऐकावं लागतं, तेव्हा काही मिनिटं धीर धरायचा. दोन, ठिपक्याखालचा नकाशा. तो घरूनच भरून नेला नसेल, तर कोऱ्या करड्या पडद्यावर निळा ठिपका अगदी अचूक जागी बसलेला दिसतो आणि त्याचा उपयोग शून्य!

लॅपटॉप: रात्रीचा कारभारी

लॅपटॉप गाडीत मांडीवर घेऊन वाट बघायची, हे दृश्य सिनेमात झकास दिसतं. प्रत्यक्षात बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएसची चिपच नसते. शहरात तो ‘तुम्ही इथे आहात’ सांगतो, ते आजूबाजूच्या वाय-फायवरून ताडून. हानलेच्या वाटेवर आजूबाजूला वाय-फाय कुठलं? किआंग म्हणजे रानगाढवं आहेत! यावर जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे यूएसबीला जोडायचा छोटा रिसीव्हर. आकारावरून त्याला ‘जीपीएस माउस’ म्हणायचे. डॅशबोर्डवर काचेजवळ ठेवला की लॅपटॉपलाही उपग्रह ऐकू येतात. क्यूजीआयएससारखं फुकट सॉफ्टवेअर त्यावर झक्क चालतं.

पण लॅपटॉपची खरी कामगिरी रात्री, गेस्ट हाउसमध्ये. मोठ्या स्क्रीनवर उपग्रहाची चित्रं उघडून आम्ही उद्याचा रस्ता वळणावळणाने पाहिला. पूल कुठे, दरी कुठे अरुंद होते, वस्ती कुठे. मग ती रेघ फाइल करून दोन्ही टॅबलेटमध्ये टाकली. याच लेहहून १८७४ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाचे नैनसिंह रावत वेषांतर करून ल्हासाकडे निघाले होते. पावलं मोजत. दोन हजार पावलांचा एक मैल आणि मोजणीसाठी हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. माणसाने आयुष्यभर चालून जे कागदावर आणलं, त्या प्रदेशात आपण बोटाने झूम करतोय, हे कळलं की जरा गप्पच बसायला होतं.

उंचीचाही एक मुद्दा. जुन्या, फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं टोक हवेच्या पातळ थरावर तरंगतं. अशा बहुतेक डिस्कची मर्यादा सुमारे ३,००० मीटर छापलेली असते आणि लेहच आहे ३,५०० मीटरवर. विरळ हवेचा त्रास फक्त आपल्यालाच होतो असं नाही! एसएसडीवाला लॅपटॉप असेल तरच तो वर न्या.

टॅबलेट: पुढच्या सीटवरचा सहप्रवासी

गाडीत खरा हिरो टॅबलेट. फोनपेक्षा दरीचा आकार कळतो, लॅपटॉपपेक्षा आटोपशीर. पण विकत घेताना एक गोष्ट बघा. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. सिमकार्डवाल्या मॉडेलमध्ये असतं, मग त्यात सिम घातलेलं असो वा नसो. आमच्या दोनपैकी एक टॅबलेट नेमका वाय-फायवाला. कारू सुटल्यावर तो गाणी वाजवायच्या कामाला लागला. ॲन्ड्रॉइडमध्ये बहुतेकदा चिप असते, तरी खोक्यावर वाचून घ्या.

नकाशांसाठी ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात, म्हणजे जगभरच्या हौशी लोकांनी २००४ पासून भरत आणलेल्या नकाशावर. अख्खं लडाख घरीच उतरवून घेता येतं. ‘हौशी लोकांनी भरलेला’ हे मात्र लक्षात ठेवा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

जिथे ठिपका नाचतो, जिथे तो थांबतो

सकाळी सहाला लेह सोडलं. उपशीला मनालीचा रस्ता उजवीकडे तागलांग लाकडे फुटला, आम्ही सिंधूबरोबर सरळ. पुढे दरी आवळत गेली. दोन्ही बाजूंना जांभळे, हिरवे, विटकरी डोंगर आणि मधून मातकट पाणी. इथे टॅबलेटची मजा बघावी! आकाशाची चिंचोळी पट्टी, सिग्नल कड्यांवर आपटून येणारे. निळा ठिपका मधेच नदीत उडी मारायचा, मधेच पलीकडच्या डोंगरावर चढायचा. आचो-ले शांतपणे म्हणाले, ‘तुमची गाडी पोहते वाटतं.’

चुमाथांगला गरम पाण्याचे झरे, गरम थुक्पा आणि पाय मोकळे. माहेला पूल ओलांडून जाणारी वाट त्सो मोरिरीची. आम्ही ती सोडून न्योमामार्गे लोमाला पोचलो. तिथे सिंधू ओलांडली, चौकीवर कागद दाखवले आणि एकदम सगळं उघडलं. सपाट, अफाट, पिवळसर गवताचं मैदान आणि वर घुमटासारखं आकाश. डझनभर उपग्रह एकाच वेळी ऐकू येत होते. ठिपका असा स्थिर की जणू खिळा ठोकलाय.

पण गंमत इथेच आहे. दरीत ठिपका नाचत होता, तेव्हा त्याची गरजच नव्हती. रस्ता एकच होता. पठारावर ठिपका अचूक झाला आणि बाजूला चाकोऱ्या दिसू लागल्या दहा. कोणती गावाला जाते, कोणती मेंढपाळाच्या तंबूला आणि कोणती दलदलीत, हे उपग्रहाला कुठे ठाऊक?

अंधाराची राखीव जागा

हानले गाव सुमारे ४,३०० मीटरवर. टेकडीवर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्सची वेधशाळा. तिथली दोन मीटर आरशाची हिमालयन चंद्र दुर्बीण सन २००० पासून आकाश बघतेय आणि तिला चालवणारे बसतात बेंगळुरूजवळच्या होसकोटेला, उपग्रहाच्या दुव्यावरून! वर्क फ्रॉम होम म्हणतात ते हेच, आणि आपल्या कितीतरी आधी. २०२२ मध्ये हा परिसर देशातलं पहिलं ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून जाहीर झाला. गावातल्याच तरुण-तरुणींना दुर्बिणी आणि प्रशिक्षण मिळालं. रात्री त्या ताई आपल्याला शनीची कडी दाखवतात आणि आधी बजावतात, हेडलाइट बंद, स्क्रीन बंद.

दिवसभर मिरवलेला टॅबलेट मुकाट्याने बॅगेत गेला. वर आकाशगंगा अशी की सावली पडेल असं वाटावं. मधूनच एखादा ठिपका संथ सरकत जायचा. ते उपग्रह खालच्या कक्षेतले. आपल्याला वाट दाखवणारे इतके उंच असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

त्सो कारची तुटक रेघ

परतीला पुगा, पोलोकोंगका ला करत त्सो कारला आलो. काठावर मिठाची पांढरी किनार असलेलं तळं. टॅबलेटवर काठाने जाणारी एक तुटक रेघ स्वच्छ दिसत होती. अंतर निम्मं, शिवाय फोटोला सॉल्लिड. चौघांपैकी तीन मतं तिकडे. आचो-ले थांबले, उतरले, दूरवर शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांपर्यंत चालत गेले. ‘जुले’ झालं, पाच मिनिटं बोलणं झालं. परत येऊन म्हणाले, ‘ही वाट थंडीत जमीन गोठल्यावरची. आत्ता खाली चिखल आहे. आणि ती त्यांची चराई आहे.’

मग उलगडा झाला. कधीतरी कुणीतरी तिथून गाडी नेली, आपला माग नकाशात चढवला आणि ती ‘वाट’ झाली. तिच्यामागून दहा जण गेले की खरोखरची चाकोरी पडते. त्सो कारचा परिसर २०२० मध्ये रामसर पाणथळ म्हणून नोंदला गेलाय. काळ्या मानेचे क्रौंच इथे घरटी करतात. पश्मिना देणाऱ्या शेळ्या याच गवतावर जगतात. पठारावर गवत उगवायला उन्हाळ्याचे जेमतेम काही महिने मिळतात. आपला शॉर्टकट कोणाच्या तरी ताटातून जातो तो असा.

आणि हे फक्त लडाखपुरतं नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली. फोनवरचा नकाशा जवळची वाट दाखवत होता. गाडी चालवणाऱ्याचा जीव गेला. रस्ता नकाशात होता, ठिपकाही बरोबर होता. वर पाणी आहे, हे गावाला माहीत होतं.

उपग्रह ‘कुठे’ सांगतो. ‘कसं’ आणि ‘कधी’ माणूसच सांगतो. लडाखात तर ‘कधी’ फारच महत्त्वाचं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी बर्फ वितळला की चाकं अडवतं. पँगाँगच्या वाटेवरच्या एका ओढ्याला ‘पागल नाला’ हे नाव उगाच नाही पडलं!

निघण्याआधी

● नकाशे घरच्या वाय-फायवर उतरवा, मग फोन फ्लाइट मोडला टाकून घराबाहेर एक फेरी मारा. ठिपका आणि नकाशा दोन्ही दिसले तरच पास.

● लडाखबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. पोस्टपेड न्या, पण पठारावर त्याच्याही भरवशावर राहू नका.

● लिथियमच्या बॅटऱ्या थंडीत लवकर मान टाकतात. रात्री टॅबलेट आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये. गाडीत मात्र डॅशबोर्डवरच्या उन्हाने टॅबलेट तापून बंद पडतो, म्हणून तो सावलीत.

● ऐकणारा जीपीएस चालतो. संदेश पाठवणारी यंत्रं, म्हणजे सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट एसओएसवाली छोटी डबी, भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगू नका. परदेशातून येणाऱ्या मित्रालाही हे आधीच सांगा.

● सीमेजवळ ठिपका काय म्हणतो याला अर्थ नाही. चौकीवरचा जवान म्हणेल ती शेवटची रेघ. परवान्याचे नियम बदलत असतात, लेहमध्ये ताजी चौकशी करा.

● स्क्रीनवरची ‘पोचण्याची वेळ’ तुमची फुप्फुसं धरत नाही. लेहला विमानाने उतरलात तर किमान दोन दिवस नुसता आराम.

● कागदावरचा एक नकाशा जवळ असू द्या. त्याला चार्जिंग लागत नाही आणि तो गाडीच्या बॉनेटवर पसरला की आजूबाजूचे चार जण बोट ठेवून वाट सांगायला जमतात.

● आणि ‘जुले’ हा शब्द. नमस्कार, धन्यवाद, येतो, सगळ्याला चालतो. हानलेपर्यंतच्या प्रवासात कोणत्याही ॲपपेक्षा तो जास्त वेळा उघडाल.