नाव हरवलेली गाणी

आमच्या धर्मगुरुनिवासात, कार्यालयाच्या मागल्या खोलीत, एक पोलादी कपाट आहे. वरच्या दोन फळ्यांवर बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या जुन्या नोंदवह्या आहेत. खालच्या फळीवर, बिस्किटांच्या तीन पत्र्याच्या डब्यांत, ८७ कॅसेट्स आहेत. वरच्या फळ्यांची किल्ली आम्ही कमरेला बाळगली आणि खालच्या फळीकडे फारसे लक्ष दिले नाही. त्या दुर्लक्षाची ही हकिकत आहे. वाचकहो, तिच्यात थोडी यंत्रविद्याही येईल. परंतु ती ऐकून घ्यावी. ती आपल्याही धर्मग्रामाच्या कामी पडण्यासारखी आहे.

१९६३ हे साल आम्हांला नेहमी अर्थपूर्ण वाटते. त्या वर्षाच्या ४ डिसेंबरला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीसंबंधीचा आपला दस्तऐवज जाहीर केला आणि मातृभाषेतील मिस्साची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी फिलिप्स कंपनीने कॅसेट जगापुढे आणली. एकीकडे लॅटिन गीतांच्या जागी मराठी गीते रचली जाऊ लागली आणि दुसरीकडे ती साठवून ठेवणारी चिमुकली पेटीही हाताशी आली. आमच्या गावच्या मास्तरांनी ह्या दोन्ही गोष्टींचा उपयोग करून घेतला. शाळेत गणित शिकवणारे हे गृहस्थ चाळीस वर्षे गायकवृंद चालवत होते. आगमनकाळाची, उपवासकाळाची, पास्काची गीते त्यांनी बसवली, काही स्वतः रचली. तालमीच्या वेळी पेटीशेजारी टेपरेकॉर्डर ठेवायचा, ही त्यांची सवय. त्या ८७ कॅसेट्स त्यांच्याच.

आम्ही २०१८ साली ह्या धर्मग्रामात आलो, तेव्हा मास्तर थकले होते. समुद्राकाठची दमट हवा, फितीवर धरलेली बुरशी, आणि कॅसेट वाजवणारी यंत्रे तर घराघरांतून केव्हाच गेलेली. तरुणांना हाताशी धरून आम्ही ती सारी गाणी संगणकावर उतरवून घेतली. मुलांनी उन्हाळ्याची सुट्टी खर्ची घातली. एकेक गाणे सुटे कापले, मास्तरांच्या अंगणात बसून त्यांना विचारून प्रत्येकाचे नाव टंकले. अकराशेहून अधिक गाणी झाली. ती एका बाहेरच्या डिस्कवर ठेवली आणि गाणी वाजवण्याचा एक प्रोग्राम संगणकावर बसवून घेतला. पडद्यावर नावांची सुरेख यादी दिसे. आम्ही समाधान पावलो आणि चौकशी करणे सोडले.

२०२१च्या पावसाळ्यात वीज कडाडली आणि कार्यालयाचा संगणक गेला. डिस्क वेगळी ठेवली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. नवा संगणक आला, डिस्क जोडली, गाणी वाजली. मात्र नावे नव्हती. पडद्यावर वरपासून खालपर्यंत ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’, एवढेच. मुलांनी टंकलेली नावे त्या प्रोग्रामने गाण्याच्या फाइलींत लिहिलीच नव्हती. ती त्याने स्वतःच्या खातेवहीत मांडली होती आणि ती वही जुन्या संगणकाबरोबर गेली होती. तो प्रोग्राम कोणता, हे सांगण्याचे कारण नाही. दोष त्याचा जितका, तितकाच न विचारणाऱ्या आमचा. ‘पुढे केव्हातरी करू’ असे म्हणून आम्ही डिस्क कपाटात ठेवून दिली.

२०२२च्या ऑगस्टमध्ये मास्तर देवाघरी गेले. त्या रात्री त्यांची कन्या आमच्याकडे आली. ‘फादर, पप्पांचं ते अर्पणगीत तुमच्याकडे आहे ना? त्यांच्याच आवाजातलं. उद्या घरातून निघताना एकदा लावायचंय.’ मिस्सामध्ये यंत्रावरचे गाणे लावू नये, गाणे जिवंत कंठातून यावे, हे मास्तरांचीच मुलगी ती, तिला ठाऊक होते. तिचे मागणे घरापुरते होते. आम्ही ‘हो’ म्हणालो. मग रात्री दोन वाजेपर्यंत, दोन मुलांना घेऊन, एकामागून एक ‘ट्रॅक’ उघडत बसलो. अकराशे गाण्यांत ते एक गाणे आम्हांला सापडले नाही. सकाळी मास्तर घरातून निघाले, ते त्या गाण्यावाचून. मुलगी काही बोलली नाही. ती काही बोलली असती तर आम्हांला बरे वाटले असते.

त्यानंतर आम्ही विद्यार्थ्यासारखे ह्या विषयाच्या मागे लागलो. पहिला धडा आमच्याच नोंदवहीने दिला. बाप्तिस्म्याची नोंद धर्मग्रामाच्या वहीत असते खरी, पण माणूस आपले नाव स्वतःबरोबर घेऊन जगतो. वही जळाली तरी तो आपले नाव सांगू शकतो. गाण्याचेही तसेच असावे. संगीताच्या फाइलीत नाव, गायक, रचनाकार, वर्ष लिहिण्यासाठी राखून ठेवलेली जागा असते. तिला टॅग म्हणतात. एमपी३ फाइलींसाठी ही सोय १९९६ साली निघाली. फाइलीच्या शेवटी १२८ बाइट, त्यांत नावाला ३० अक्षरे, आणि गीतप्रकारासाठी ८० प्रकारांची ठरीव यादी. त्या यादीत पोल्का नाचाला स्थान होते, अर्पणगीताला नव्हते. देवनागरीचा विचारही तेथे नव्हता. दोन वर्षांनी आलेल्या सुधारित पद्धतीत युनिकोडची सोय झाली आणि मराठी नावाला फाइलीच्या पोटात घर मिळाले.

दुसरा धडा ध्वनीच्या दर्जाचा. सीडीच्या दर्जाने उतरवलेला एक तासाचा ध्वनी सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेतो. मुलांनी केलेल्या एमपी३मध्ये तोच तास ५८ मेगाबाइटांत बसला होता. कानाला जे जाणवणार नाही असे ह्या पद्धतीला वाटते, ते ती टाकून देते, आणि टाकलेले पुन्हा मिळत नाही. फ्लॅक नावाची दुसरी पद्धत २००१ साली पूर्णत्वाला आली. ती जागा निम्म्या-पाऊण हिश्शावर आणते, पण काहीच टाकत नाही. सुदैवाने कॅसेट्स आम्ही फेकल्या नव्हत्या. त्या पुन्हा, ह्या वेळी फ्लॅकमध्ये, उतरवण्याचे ठरले. सगळा ठेवा मिळून चाळीस गिगाबाइटच्या आत बसतो. मास्तरांचे चाळीस वर्षांचे काम आज खिशात मावते, हे पाहून आम्ही थोडे ओशाळलो.

मग प्रोग्रामची निवड. आमच्या पिढीला १९९७ साली आलेल्या विनॅम्पची आठवण आहे. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलो होतो आणि एका मित्राच्या घरी संगणकावर गाणे वाजताना पाहून चकित झालो होतो. २०१३ साली तो बंद होणार असे जाहीर झाले, पुढच्याच वर्षी तो दुसऱ्याच्या हाती गेला. ॲपलने २००१ साली आणलेले आयट्यून्स २०१९ साली त्यांच्याच संगणकांवर विभागले गेले आणि संगीतापुरता वेगळा प्रोग्राम आला. ह्यातून आम्ही एक सूत्र काढले: प्रोग्राम हा पाहुणा, फाइल ही घरधनी. पाहुणा गेला तरी घर उभे राहिले पाहिजे.

म्हणून आम्ही पाच प्रश्न कागदावर लिहिले. टंकलेले नाव फाइलीतच लिहिले जाते का? देवनागरीत लिहिता येते का आणि देवनागरीत शोधता येते का? आम्हांला न विचारता हा प्रोग्राम फाइली हलवतो किंवा त्यांची नावे बदलतो का? इंटरनेट नसताना चालतो का? आणि पाचवा, सर्वांत महत्त्वाचा: उद्या ह्याला निरोप द्यावा लागला, तर आमचे काय मागे राहील?

व्हीएलसी जवळपास काहीही वाजवतो आणि फुकट आहे, पण मोठा संग्रह लावून ठेवणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. माळ्यावरच्या गायकवृंदाच्या लॅपटॉपसाठी तो योग्य ठरला. फूबार२००० हलका, वेगवान आणि प्रामाणिक वाटला, पण तो आपल्या मनासारखा घडवून घ्यावा लागतो. घडवणारा मुलगा नोकरीला परगावी गेला की मागे राहिलेल्याची पंचाईत. शेवटी कार्यालयातल्या विंडोज संगणकासाठी म्युझिकबी निवडला. तोही फुकट आहे, टॅग फाइलीत लिहितो, अटी घालून दिल्या की त्याप्रमाणे याद्या आपोआप बनवतो. ‘आगमनकाळ’ आणि ‘प्रवेशगीत’ अशा दोन अटी दिल्या की तेवढीच गीते समोर येतात. तरीही प्रयोगादाखल आम्ही दहा गाणी दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्याच प्रोग्रामात उघडून पाहिली. दहाही गाण्यांनी आपापली मराठी नावे सांगितली, तेव्हाच आम्ही निर्णय पक्का केला.

परंतु नावे लिहिणार कोण? ती सांगणारे मास्तर आता नव्हते. ऑक्टोबर महिन्यात रोझरी झाल्यावर गायकवृंदातील जुनी माणसे आम्ही कार्यालयात बोलावू लागलो. तेथे जे घडले ते कोणत्याही प्रोग्रामला जमणारे नव्हते. एक वृद्धा डोळे मिटून म्हणे, ‘हा वरचा आवाज माझ्या जावेचा. तिला जाऊन वीस वर्षं झाली.’ दुसरी म्हणे, ‘मागे कोंबडा आरवतो ना, म्हणजे ही नाताळची पहाटेची तालीम.’ वर्षे, प्रसंग, खोकले, हसू यांसह गाणी परत आपल्या नावांना येऊन मिळत होती. रोज दहा-पंधरा गाणी होत. आम्ही टंकत होतो, आणि जी माणसे आम्ही कधी पाहिली नव्हती, त्यांची ओळख होत होती. हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणाऱ्या त्या स्त्रीचा दाखला आम्ही किती वेळा प्रवचनात सांगितला असेल! झाडण्याचे काम किती सावकाश चालते, हे मात्र तेव्हा कळले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, एकतिसाव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, ते गाणे सापडले. कॅसेटवर ‘लग्न’ असे लिहिले होते, म्हणून त्या रात्री तिकडे कोणी वळले नव्हते. लग्नगीते संपल्यावर उरलेल्या फितीवर मास्तरांनी ते एकट्याने, पेटीवर, गायले होते.

मुलीला निरोप पाठवला. ती आली, खुर्चीच्या कडेवर बसली. गाणे संपले, आणि त्यापाठोपाठ मास्तरांचा बोलका आवाज आला, ‘नाही, पुन्हा घेऊ या.’ मग खटका, आणि फीत संपली. ती रडली, आणि त्या रडण्यात हसलीसुद्धा. ‘हे ते रोज म्हणायचे, फादर. कुठलंच काम एकदाच झालं असं त्यांना वाटायचं नाही.’ उशिराबद्दल आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘तुम्ही पुन्हा घेतलंत ना.’

नावाची जागा अजून मोकळी होती, कारण जुन्या मंडळींतही कोणाला गाण्याचे नाव ठाऊक नव्हते. आम्ही विचारले. ‘घरी आम्ही त्याला शेताचं गाणं म्हणायचो. लावणीच्या दिवसांत सुचलेलं.’ आम्ही तिच्यासमोर तेच टंकले: शेताचं गाणं. मग फाइल बंद करून पुन्हा उघडली. नाव जागेवर होते.

आता प्रतिवर्षी २२ नोव्हेंबरला, संगीताची आश्रयदाती संत सेसिलिया हिच्या सणादिवशी, आम्ही तो ठेवा उघडून तपासतो. तीन प्रती आहेत: एक कार्यालयात, एक शाळेत, एक मास्तरांच्या घरी. प्रभूने उत्तम मेंढपाळाविषयी सांगितले आहे की तो आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. आम्ही हे वाक्य माणसांपुरते समजत होतो. आपल्या धर्मग्रामाच्या कपाटात अशी एखादी पत्र्याची डबी असेल, तर ती आजच उघडा. आणि ज्यांना नावे ठाऊक आहेत, ती माणसे आहेत तोवर त्यांना बोलावून घ्या.