टेबलावरचे गार हात

आमच्या बपेऱ्याला बावनथडी नदी जवळ. डिसेंबर लागला की पहाटे नदीकडून धुके येते आणि धानाच्या रिकाम्या बांध्यांवरून सरळ घरात शिरते. कडाक्याच्या दिवसांत पारा ८-९ अंशांवर उतरतो. अशा पहाटे शेतात राबणाऱ्याचे अंग कामाने तापते. बसून लिहिणाऱ्याचे तापत नाही. त्याचे हात आधी गार पडतात, मग बोटे आखडतात, आणि अक्षर वाकडेतिकडे होऊ लागते.

आमच्या घरी टेबल एकच. एका बाजूला मी अंगणवाडीची रजिस्टरे भरते, दुसऱ्या बाजूला दहावीतली मुलगी अभ्यास करते. मागच्या हिवाळ्यात एका पहाटे तिने पेन खाली ठेवला आणि म्हणाली, "माय, मले लिहिता नाही येत. बोटं दुखून राहिले."

एखाद्या घरी आई म्हणाली असती, हात चोळ आणि लिही. माझ्या मात्र पोटात गोळा आला. माझ्या मुलीला सिकलसेल आहे.

विदर्भातल्या आपल्या समाजाला आणि आदिवासी बांधवांना हा आजार नवा नाही. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडीत शरीर आपली ऊब छाती-पोटाकडे राखते, त्यासाठी बोटांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. निरोगी माणसाची बोटे त्याने फक्त गार होतात. सिकलसेलच्या मुलाला त्यातूनच असह्य दुखणे सुरू होऊ शकते, आणि मग दवाखाना, सलाइन, आठ-आठ दिवस शाळा बंद.

घाबरून मी त्या दिवशी नको ते केले. शेगडीत निखारे भरले, टेबलाखाली ठेवली, ऊब जाऊ नये म्हणून दार-खिडकी लावून घेतली. अर्ध्या तासाने मुलगी म्हणाली, डोके जड झाले. माझेही झालेच होते. दार उघडून दोघी अंगणात येऊन बसलो. नंतर दवाखान्यात डॉक्टरबाईंनी चांगलेच सुनावले. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. बंद खोलीत धडधाकट माणसेही त्याने झोपेतच दगावतात. जिच्या रक्ताला ऑक्सिजनची आधीच ओढाताण, तिच्या पायाशी मी शेगडी ठेवली होती. आता शेगडी अंगणातच पेटते. शेकायचे ते तिथे, लिहायचे ते आत.

त्याच बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली ती मला फार पटली. हात गरम ठेवायचे तर नुसत्या हातांकडे पाहू नका. बोटे हलवणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तो भाग, छाती, कान आणि पाय झाकले की शरीर बोटांकडे रक्त सोडते. म्हणून आता आधी स्वेटर, कानटोपी आणि पायांत मोजे. पायांखाली पोते, कारण फरशी पायातली सगळी ऊब ओढून घेते. जुन्या लोकरी मोज्यांचे पंजे कापून मी तिला मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत येणारे हातमोजे करून दिले. बोटांची टोके उघडी, त्यामुळे पेन नीट धरता येतो. माझेही तसलेच आहेत, कारण पूर्ण हातमोज्यांनी मोबाइलवर माहिती भरता येत नाही.

दर अर्ध्या तासाने उठायचे, हात खांद्यापासून गोल फिरवायचे, कोमट पाणी प्यायचे. सिकलसेलमध्ये पाणी कमी पडू देऊन चालत नाही आणि हिवाळ्यात तहान लागत नाही, म्हणून तांब्या टेबलावरच असतो. बधिर झालेला हात कढत पाण्यात घालू नये. चटका कळत नाही.

६ डिसेंबरला विहारात बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेवर भाषण झाले. १९२० ते १९२३ या काळात ते लंडनला शिकत होते, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून वाचत, अर्धपोटी राहत. ते राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरचे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. घरी येताना मुलीने विचारले, बाबासाहेबांचे हात गारठत नसतील का? मी म्हटले, गारठतच असतील. पण त्यांनी सोसले म्हणून तूही गारठून शिकावे, असे त्यांना वाटले असते का? यावर ती काही बोलली नाही, पण त्या रात्री मोजे न सांगता घातले.

परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर वाढीव वेळेसाठी शाळेमार्फत अर्ज करता येतो. आम्ही केला आहे. अनेक घरांत लाजेपोटी हे दुखणे लपवतात, मुलीचे लग्न अडेल म्हणतात. आमच्या लग्नात कुणी रक्त तपासले नाही. आम्ही दोघेही वाहक निघालो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक असते. पत्रिका पाहणे आपण केव्हाच सोडले. रक्ताचा कागद तरी पाहायला हवा होता.

माझी माय विड्या वळायची. तेंदूची पाने भिजवून मऊ केल्याशिवाय वळत नाहीत, म्हणजे ऐन थंडीतही ओल्या पानांत हात. मांडीवर सूप, शेजारी चिमणी, आणि हजार पुऱ्या झाल्याशिवाय उठणे नाही. बोटे आखडली की ती दोन्ही हात काखेत दाबून थोडा वेळ डोळे मिटून बसायची. मला तेव्हा हसू यायचे. त्याच विड्यांच्या पैशांतून माझ्या वह्या आल्या.

माय आता आमच्याकडेच असते. परवा पहाटे ती उठून आली तेव्हा नात पुस्तक उघडे ठेवून, दोन्ही हात काखेत दाबून बसली होती. माय दारातच थांबली.

"हे तं माहीच खोड हाय," म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या तापवायला घेऊन गेली.