फोनची बॅटरी आणि माझी वही

घरातली एखादी वस्तू बिघडली, की तिच्याविषयी ज्याला काही मत नाही असा माणूस सापडणे कठीण. मिक्सर अडला तर शेजारीण सांगणार, गीझर तापेना तर इस्त्रीवाला सांगणार, आणि फोनचे काही झाले तर मग विचारूच नका! गल्लीतली सातवीतली पोरेसुद्धा आपल्याला शहाणपण शिकवून जातात. २०२४ सालच्या श्रावणात माझ्या फोनची बॅटरी भराभर उतरायला लागली, तेव्हा आठ दिवसांत जे सल्ले मिळाले ते सगळे पाळले असते तर फोन आणि मी, दोघेही कामातून गेलो असतो.

फोनवर बरेच दिवस ‘नवे अपडेट आले आहे’ अशी सूचना येत होती. एका रविवारी रात्री मी ते करून घेतले. (करावेच ते. त्यात सुरक्षिततेच्या दुरुस्त्या असतात, आणि हल्ली आपली बँक, गॅसची नोंदणी, मुलांच्या शाळेचे निरोप, सगळे त्या एवढ्याशा डबीत असते.) त्याआधी सकाळी सातला भरलेला माझा फोन रात्री अकरापर्यंत टिकून वर पंचवीस-तीस टक्के शिल्लक ठेवत असे. अपडेटनंतर दुपारी एकलाच वीस टक्के! आणि हाताला असा गरम, की एखाद्या तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा.

पहिले दोन दिवस मी काही बोलले नाही, कारण माझ्या धाकट्या दिरांनी बजावून ठेवले होते. ते म्हणाले, “वहिनी, दिवाळीला आपण घर रंगवून घेतो, मग सगळे डबे परत फळीवर लावायला दोन दिवस जातात की नाही? तसंच आहे हे. घाई करू नका.” आणि ते खरेच आहे. नवी प्रणाली आली की फोन आपल्यातली सगळी ॲप्स तिच्याशी जुळवून घेतो, हजारो फोटोंची यादी पुन्हा करतो, शिवाय प्रत्येक ॲपचे स्वतःचे नवे अपडेट उतरत असते. हे सगळे आपल्या नकळत चालते आणि त्याला वीज लागते. तेव्हा एक-दोन दिवस, फार तर तीन, बॅटरी लवकर उतरली तर घाबरू नये. फोन एकदा बंद करून चालू करावा, रात्री चार्जरला लावून ठेवावा आणि त्याला त्याचे काम करू द्यावे.

पण माझ्या फोनला सहा दिवस झाले तरी डबे काही फळीवर लागेनात.

आता यात एवढे काय, चार्जर बरोबर न्यावा, असे कुणी म्हणेल. मी नेला होता. मी सांगलीत एका पतसंस्थेत काम करते. आमच्या काउंटरवर प्लग एकच, आणि तो नोटा मोजायच्या यंत्राचा! ह्यांची नोकरी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत. तिथे आत फोन नेऊ देत नाहीत, दारावरच्या कपाटात ठेवायचा. म्हणजे अकरा ते पाच या वेळात घरच्यांना सापडणारी मी एकटी. घरी सासूबाई असतात, वय त्र्याहत्तर, गुडघे दुखरे. आणि त्याच आठवड्यात बुधवारी दुपारी तीनला त्या मोरीत घसरल्या. कमरेला साधा बटणांचा फोन अडकवलेला असतो म्हणून बरे. त्यांनी मला अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा उत्तर एकच, ‘फोन बंद आहे.’ पावणेचारला शेजारच्या काकू कोथिंबीर मागायला आल्या तेव्हा त्यांनी उठवून पलंगावर बसवले. पाय मुरगळला होता, मोडला नव्हता. संध्याकाळी मी घरी आले तर सासूबाई रागावल्यासुद्धा नाहीत. नुसत्या म्हणाल्या, “तुझा फोन लागला नाही गं.” त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या रात्री हे म्हणाले, “उद्याच्या उद्या नवा फोन घेऊ.” फोन २०२२ च्या पाडव्याचा, म्हणजे दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. नवा घ्यायचा तर अठरा-वीस हजार कुठून? तर माझी भिशी दिवाळीआधी लागणार होती, त्यातून! ती भिशी मी पिको-फॉलच्या यंत्रासाठी लावली होती, वीस महिने. आईंच्या जिवापुढे यंत्र मोठे नव्हे, हे मला कुणी सांगायला नको होते. पण नवा फोन घेतल्याने दुखणे बरे होईल हे तरी कुणी ठरवले? दुखणे काय आहे हेच कुणाला ठाऊक नव्हते. मी ह्यांच्याकडून रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली, आणि तोवर सासूबाईंच्या फोनमध्ये काकूंचा नंबर एका बटणावर लावून दिला.

सल्ल्यांचे सांगते. एकीने सांगितले, फोन दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेव. मुळीच ठेवू नका! फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेर पाणी सुटते, तसे ते फोनच्या आत सुटते. दुसरीने सांगितले, बॅटरी पार शून्यावर नेऊन मग भर. जुन्या निकेलच्या बॅटऱ्यांना ते चालत असे, आताच्या लिथियमच्या बॅटरीला शून्यापर्यंत उपाशी ठेवणे सोसत नाही. तिसरीने ‘बॅटरी वाचवणारे’ म्हणून एक ॲप घालायला सांगितले. ते स्वतःच दिवसभर जागे राहून जाहिराती दाखवते. आणि उघडलेली ॲप्स सारखी बोटाने सारून बंद करायची आपल्या सगळ्यांना सवय असते ना, त्यानेही फारसा लाभ नाही. उलट तेच ॲप पुन्हा उघडताना पहिल्यापासून सुरू व्हावे लागते, त्यात वीज जास्तच जाते. स्टँडवरच्या एका दुकानदाराने तर फोन हातात घेतला, उलटा केला आणि “बॅटरी गेली, अठराशे” असे सांगितले. चालू करूनही पाहिला नाही.

मी माझी दुधाची वही काढली. मागच्या पानावर रकाने आखले. रात्री अकराला किती टक्के, पहाटे सहाला किती. दिवसाचा हिशेब धरला नाही, कारण दिवसा फोनला आपण हात लावतोच, मग खर्च आपला की त्याचा हे कळत नाही. रात्री घरात सगळे झोपलेले असताना जे जाते ते फोनच खातो.

पहिली रात्र, काहीही न बदलता : ८६ वरून ५३. म्हणजे तेहतीस टक्के! ज्याला कुणी शिवलेही नाही अशा फोनने सात तासांत तेहतीस टक्के खाल्ले. दुसऱ्या रात्री विमानाचे चित्र असते ते बटण दाबून ठेवले, म्हणजे बाहेरचा सगळा संबंध तुटतो. ८५ वरून ८२. नुसते तीन. हा आकडा पाहून मी पहाटे सहाला एकटीच हसले, कारण बॅटरी मेलेली असती तर ती तशीही उतरली असती. तिसऱ्या रात्री फोन चालू, पण इंटरनेट तेवढे बंद : ८४ वरून ७९. पाच गेले. तेव्हा रेंज शोधण्यातही फारसे जात नव्हते. खाणारा कुणीतरी इंटरनेटवर बसला होता.

शिवाय आणखी एक गोष्ट लक्षात आली. आमचा दिवसाला दीड जीबीचा पॅक. मध्यरात्री नवा सुरू होतो. इंटरनेट चालू ठेवलेल्या रात्री सकाळी उठून पाहावे तो ‘आजचा अर्धा डेटा संपला’ असा संदेश आलेला! मी तर चहासुद्धा ठेवलेला नाही.

मग सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी’ उघडली. तिथे कुठल्या ॲपने किती खाल्ले याची यादी असते, आणि एखाद्या नावावर बोट ठेवले की आपण ते वापरताना किती आणि पार्श्वभूमीवर, म्हणजे आपल्या पाठीमागे किती, हेही वेगळे दाखवते. ही जागा प्रत्येकीने एकदा पाहून ठेवावी. माझ्या यादीत सगळ्यांत वर फोटोंचे ॲप. मी वापरलेले चार मिनिटे, पाठीमागे साडेसहा तास.

आत जाऊन पाहिले तर उलगडा झाला. पुतणीच्या लग्नाचा तीन जीबीचा व्हिडिओ फोनमध्ये होता. अपडेटनंतर ॲपने ‘सगळ्याची प्रत इंटरनेटवर जपून ठेवू का, मोबाइल डेटा वापरू का’ असे विचारले असणार, आणि घरातल्या कुणीतरी ‘हो, हो’ करत ते पान पुढे ढकलले. कुणी, ते मी विचारत बसले नाही. आमच्या कन्येला फोन हातात आला की कुठलाही प्रश्न वाचायच्या आधी उत्तर द्यायची सवय आहे. आता तीन जीबीचा व्हिडिओ, दिवसाला दीड जीबी! पॅक संपला की वेग मुंगीचा. व्हिडिओ पुढे सरकेना आणि फोन काही हार मानेना, रात्रंदिवस तो गाडा ढकलत बसला. म्हणून गरम, म्हणून रिकामा.

मोबाइल डेटावरून प्रत ठेवायचे बटण बंद केले. लग्न भाऊजींच्या संगणकावर उतरवून घेतले. चौथी रात्र : ८५ वरून ७८.

दिवसाच्या खर्चातली काही कामेही त्याच ओघात उरकली. बंद फोनवरही घड्याळ दिसत राहावे अशी सोय अपडेटने चालू केली होती, ती बंद केली. पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होत होता, तो ६० वर आणला. मला काही फरक दिसत नाही, कन्येला दिसतो म्हणे. आमच्या मागच्या खोलीत ५जीची रेंज येते-जाते आणि फोन सारखा तिच्यामागे धावतो, म्हणून ४जीवर ठेवला. जागा पाहण्याची परवानगी किराणा दुकानाच्या ॲपला कशाला हवी? तीही काढली. या सगळ्याने मिळून दिवसाकाठी दहा-बारा टक्के वाचले.

कंपन्या मुद्दामच अपडेट पाठवून जुने फोन बिघडवतात, असे ह्यांचे ठाम मत आहे. माझ्या बाबतीत तसे नव्हते. पण हा संशय अगदीच हवेतला नाही, हेही सांगायला हवे. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केले की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग अपडेटद्वारे कमी केला जात होता, फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असे त्यांचे म्हणणे. गिऱ्हाइकांना आधी सांगितले नाही म्हणून माफी मागितली आणि पुढच्या वर्षी नवी बॅटरी स्वस्तात बदलून दिली. २०१८ च्या ऑक्टोबरात इटलीच्या सरकारी यंत्रणेने अपडेटांमुळे फोन मंदावल्याबद्दल ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. युरोपात तर २० जून २०२५ पासून नियमच आहे : तिथे विकलेल्या फोनच्या बॅटरीने ८०० वेळा पूर्ण भरून उतरल्यावरही मूळच्या ८० टक्के ताकद धरली पाहिजे. (दोनदा अर्धी भरली तर ती एकच वेळ धरतात.)

या बॅटरीचे मला कौतुकही वाटते, बरं का. १९९१ साली सोनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली. ज्या तिघांच्या संशोधनावर ती उभी आहे त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा गुडइनफ सत्त्याण्णव वर्षांचे होते! तिचा खरा वैरी उष्णता. तेव्हा भाजी फोडणीला टाकताना फोन ओट्यावर शेगडीशेजारी ठेवू नये, उन्हात गाडीच्या डिकीत विसरू नये, आणि उशीखाली ठेवून चार्ज तर कधीच करू नये. रोजच्या वापरात वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती सुखी असते. आणि फोनची पाठ फुगलेली दिसली किंवा पडदा कडेने उचललेला वाटला, तर टोचू-दाबू नये, चार्जिंगला लावू नये, लगेच दुरुस्तीला न्यावा. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

रविवारी मी वहीचे पान ह्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी आकडे दोनदा वाचले आणि म्हणाले, “हे तू केलंस?” भिशी लागली ती धनत्रयोदशीच्या आदल्या आठवड्यात. यंत्र आले. सासूबाई त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि साड्यांचे रंग नावाजतात.

मग शेजारच्या काकूंचा फोन माझ्याकडे आला. चार वर्षांचा, दुपारीच मान टाकणारा. मी तीच वही काढली, विमानाचे बटण दाबून रात्रभर ठेवायला सांगितले. सकाळी काकू आल्या : ८० वरून ५१. बाहेरचा संबंध तोडूनही एकोणतीस टक्के गेले, म्हणजे इथे बॅटरीचीच शंका धरायला हवी. त्यांना सरळ कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात पाठवले. तिथे त्यांनी बॅटरी तपासली आणि बदलली, सोळाशे पन्नास रुपये लागले, पावतीही मिळाली. काकू पावती दाखवायला आल्या तेव्हा त्यांच्या हातात कोथिंबीर होती.